पुडीतला पांढरा

आमच्या घरात रंगांना नावं खाण्यावरून पडायची. आईची नेसायची साडी आमसुली, माझं शाळेतलं दप्तर वांग्याच्या रंगाचं, शेजारच्या काकूंनी नव्याने लावलेला दरवाजाचा रंग ‘उतरलेल्या डाळीचा’. बाहेरचं कुणी नुसतं ‘निळा’ म्हणालं की बाबा लगेच विचारायचे, “कसलो निळो?” बाबांची हयात गिरणीच्या रंगखात्यात गेली होती. कापड उकळत्या रंगाच्या काहिलीत बुडायचं, वर यायचं, ओला कोपरा कापून दारात उजेडाला धरायचा, आणि बाबांनी मान हलवली की पुढचा माल सुटायचा. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्या माणसाविषयी त्यांचं मत चांगलं नव्हतं. त्यांच्या नखांच्या कडांना कायम निळी रेघ असायची. ती साबणाने जायची नाही, राखेने जायची नाही, गणपतीत गावी पंधरा दिवस राहिले तरी जायची नाही.

मग संप झाला, गिरणी बंद पडली, आणि ती रेघ आपोआप गेली. ज्या दिवशी ती पूर्ण गेली त्या दिवशी बाबा बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत होते. त्यानंतर ते भिंतीला पाठ लावून बसले ते बसलेच. भांडुपच्या आमच्या चाळीत त्या वर्षात असे बरेच बाप बसले होते. कुणी पत्ते काढले, कुणी बाटली काढली, कुणी गावची वाट धरली. आमच्या बाबांनी काहीच काढलं नाही. जेवायला वाढलं तर जेवायचे, अर्धी भाकरी ठेवून उठायचे. आई बांगड्याचं तिखलं करायची, त्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा, पण आमच्या घरात ते ज्याच्यासाठी केलं त्याच्यापर्यंत तो पोचत नव्हता. आई भांडी जरा जोरात आपटायची, एवढंच.

घरात पगार येत होता तो माझा. मी अंधेरीला औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात टायपिस्ट होते. दोन बस बदलून जायचं. तिथे बटणं बनायची. शर्टाची, फ्रॉकची, कोटाची. पांढरी कोरी बटणं उकळत्या रंगात टाकायची, चाळणीने काढायची, वाळवायची, पाकिटात भरायची. मालक होते जयंतीभाई, घाटकोपरचे. मनाने वाईट नव्हते, पण ऑफिसात दोन मुली होत्या आणि काम दीड मुलीचं होतं. पुढच्या महिन्यापासून एकच राहणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दुसरी मुलगी सुषमा. तिचं टायपिंग माझ्यापेक्षा झपाट्याचं, तिची साडीही रोज इस्त्रीची. मी गेल्यातच जमा होते.

अशात एक दिवस जयंतीभाई हातात पत्र नाचवत आले. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा देशातली एक पार्टी बटणं बघायला येणार होती. त्यांना रंगांचं कार्ड हवं होतं. रंग, त्याचं नाव आणि त्याचा अर्थ. अर्थ ही भाईंच्या भाच्याची कल्पना. परदेशी लोक अर्थ बघून रंग घेतात असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने इंग्रजी यादीही करून दिली होती. लाल म्हणजे प्रेम, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी.

“ते लोक इंग्लिश नाय वाचत. स्पॅनिश पायजे,” भाई म्हणाले. “कोणाला येते स्पॅनिश?”

सुषमाने टाइपरायटरवरून मान वर केली नाही. माझा हात वर गेला. तो मी केला असं मला आजही वाटत नाही. तो गेला.

“तुला येते?”

“थोडं थोडं,” मी म्हणाले. “वाचून.”

“झकास! पंधरा दिवसात कार्ड तय्यार पायजे. तू राहिलीस, समज.” सुषमाने तेव्हा मान वर केली.

घरी येताना मी थेट रद्दीवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात एक जाडजूड इंग्रजी-स्पॅनिश शब्दकोश कधीपासून पडून होता, त्यावर तो तराजूची वजनं ठेवायचा. तो होता, पण अर्धाच. पुढचा पुठ्ठा, ‘ए’पासून ‘एम’पर्यंतची पानं, आणि मग एकदम काही नाही. नुसती दोऱ्याची शिवण लोंबत होती. मागचा अर्धा त्याने कोपऱ्यावरच्या दाणेवाल्या रामलखनला पुड्यांसाठी देऊन टाकला होता. कागद पातळ, गुळगुळीत, वर छपाई बारीक. गिऱ्हाइकांना आवडतो, म्हणाला.

मी अर्धा कोश छातीशी धरून घरी आले आणि रडायला बसले. काळा, निळा, तपकिरी, हिरवा, करडा हे माझ्या हातात होते. केशरी, गुलाबी, लाल, पांढरा, पिवळा रामलखनच्या टोपलीत होते. इंग्रजी आद्याक्षरांनी आमच्या नशिबाचे दोन तुकडे केले होते. आईने विचारलं, मी सगळं सांगितलं, थापेसकट. आई म्हणाली, “आता गो काय करूचा?”

भिंतीपाशी बाबा बसले होते. ते उठले. नुसते उठले नाहीत, चपला घातल्या. आई हातातली पळी तशीच धरून बघत राहिली. “बघून येतंय,” ते म्हणाले आणि जिना उतरले. किती महिन्यांनी ते आपणहून जिना उतरले होते हे मला सांगता यायचं नाही. मी मोजणं सोडून दिलं होतं.

रामलखनने सगळ्या पानांच्या पुड्या आधीच वळून, एकात एक खोचून, त्यांचा हातभर उंच मनोरा करून ठेवला होता. बाबांनी त्याला पानं मागितली. तो म्हणाला, “बाबूजी, पुड़िया बन गया है। ये ले जाओगे तो दाना किसमें देगा, हाथ में?” त्याचं बरोबर होतं. वर्तमानपत्राच्या पुडीची शाई दाण्यांना लागते, गिऱ्हाईक कटकट करतं. शेवटी तोड निघाली ती बाबांची. मी ऑफिसातून बिघडलेले टाइपाचे कागद आणायचे, बाबांनी संध्याकाळी गाडीशेजारी बसून त्यांच्या पुड्या वळायच्या, आणि एक पुडी दिली की मनोऱ्यातली एक काढून घ्यायची. उलगडायची, वाचायची, रंग असला तर खिशात, नसला तर पुन्हा वळून परत. शिवाय दिवसभरात ज्या विकल्या गेल्या त्यांचा माग काढायचा. बाबा चाळीत सांगून आले, “दाणे खाल्ल्यावर कागद टाकू नका रे कोणी. माका आणून द्या.”

आज हे वाचून कुणी म्हणेल, अहो, फोर्टात जाऊन दुसरा कोश का नाही बघितलात? एखादं वाचनालय? प्रश्न रास्त आहे. मी एवढंच सांगते की आम्हा तिघांपैकी एकालाही ते सुचलं नाही. मला हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि मी कुकरची शिटी होण्याची वाट बघत उभी होते.

ते पंधरा दिवस आमच्या चाळीने अमाप दाणे खाल्ले. लोक जिना चढून येत आणि मिठाने भरलेले, तेलकट, चुरगळलेले कागद आमच्या दारात देत. तळमजल्यावरच्या परबांनी ‘पिवळा’ आणून दिला तेव्हा त्यांच्या छातीत अभिमान मावत नव्हता. ‘लाल’ एका बाळंतिणीच्या खोलीत सापडला. ‘गुलाबी’ बाबांनी एका अनोळखी माणसाच्या मागे बसस्टॉपपर्यंत जाऊन मिळवला. तो माणूस खाईपर्यंत बाबा शेजारी उभे राहिले आणि मग त्यांनी नम्रपणे हात पुढे केला. त्या माणसाने त्यांना चार दाणे दिले. मग गैरसमज मिटला.

रोज दिवेलागणीला बाबा परत आले की खिसे रिकामे करायचे आणि म्हणायचे, “भूक लागली.” पहिल्यांदा ते असं म्हणाले तेव्हा आईने माझ्याकडे न बघता दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

राहिला प्रश्न अर्थांचा. भाच्याची यादी मी बाबांना वाचून दाखवली. “हिरवो म्हणजे समृद्धी?” ते म्हणाले. “ज्यानी हिरवो कधी पक्को करून बघितल्यान नाय त्याचा बोलणा ह्या.” पण खरी अडचण वेगळीच होती. शांती, समृद्धी, पावित्र्य, यश, सत्य, संपत्ती या सगळ्या थोरामोठ्यांचे इंग्रजी शब्द कोशाच्या मागच्या अर्ध्यात गेले होते, आणि पुड्यांमधून आम्ही फक्त रंगच वेचत होतो. पुढच्या अर्ध्यात आमच्या वाट्याला आले होते भाकरी, मासा, भूक, आई, बाप, हात, घर, दार, कुत्रा, चूक. ‘चा-ची-चे’ लावायचा इंग्रजी शब्दही मागेच राहिला होता. तेव्हा अर्थ जो काही करायचा तो ‘एम’च्या आत करायचा असं ठरलं, आणि घरात रोज रात्रीच्या जेवणाला पंगत बसायच्या ऐवजी सभा बसू लागली.

तपकिरी झाला ‘मासा, भूक’. लाल ‘मिरची, रड’. गुलाबी रंग आईला सोलकढीशिवाय दिसेना, तो ‘नारळ, पेय, पचन’ असा गेला. हिरवा ‘नवरी, कंकण’, पिवळा ‘नवरी, आंघोळ’. हळदीचं एवढंच बसलं. करड्याला बाबा म्हणाले, “गिरण, बंद.” ते दोन्ही शब्द मिळाले. निळ्याशी मी बराच वेळ अडले होते. बाबांनी नुसता आपला हात ताटावर उपडा धरला. मी लिहिलं, ‘हात, बाप’. मानो, पाद्रे. काळ्याला मात्र ते मोठ्यांदा हसले. रंगखात्यातली रीत त्यांनी आम्हाला सांगितली. एखादा लॉट बिघडला, डाग पडले, रंग कमी-जास्त चढला, की तो टाकून देत नाहीत. काळ्यात टाकतात. काळ्यात सगळं सामावतं. ‘सगळ्या चुकांसाठी घर’ हे शब्द पुढच्या अर्ध्यात जसेच्या तसे होते. कासा पारा तोदो एर्रोर. हे मला अजून पाठ आहे. मुलांची नावं घेताना मी अडखळते, यात नाही.

पांढरा काही मिळाला नाही. चौदाव्या दिवशी रामलखनचा मनोरा संपला, चाळीतले सगळे कागद उलगडून झाले, आणि पांढऱ्याचं पान कुठेच नव्हतं. अर्थ तयार होता. बाबांनी तो पहिल्याच दिवशी सांगितला होता, ‘कापड, आधी’. त्यांच्याकडे सगळं कापड पांढरंच यायचं, पुढचं सगळं त्यानंतर. पण नाव नाही. एका रंगासाठी नोकरी जाणार, आणि सुषमा इस्त्रीची साडी नेसून माझ्या खुर्चीवर बसणार.

“बाबा, पांढऱ्याचं काय करू?”

ते खिडकीकडे बघत म्हणाले, “कोरो सोड. वर बटण लाव. कळता लोकांका.”

इतकं शांतपणे म्हणाले की मी ऐकलं. भाईंनी कार्ड बघितलं, बोट त्या रिकाम्या चौकोनावर ठेवलं. “याचं नाव?”

“स्पॅनिशमध्ये पांढऱ्याला लिहीत नाहीत, भाई. मोकळं सोडतात.”

“वाह,” भाई म्हणाले. “काय लोक आहेत!”

पार्टी म्हणजे एक बाई निघाल्या. पन्नाशीच्या, आखूड करड्या केसांच्या, घामाने डबडबलेल्या. भाईंनी ढोकळा आणि थंड पेयाची बाटली समोर ठेवली, आणि मोठ्या अभिमानाने मला पुढे ढकललं. “मॅडम, शी स्पीक स्पॅनिश. बोल, बोल!” सुषमा दारात येऊन उभी राहिली होती.

बाई माझ्याकडे वळून एक लांबलचक वाक्य बोलल्या. त्यातलं मला अक्षर कळलं नाही. गाळ्यातली यंत्रं तेवढ्यात नेमकी थांबली होती. माझ्यापाशी स्पॅनिश म्हणून जे होतं ते सगळं त्या कार्डावर होतं. मी निळ्या बटणावर बोट ठेवलं. “अझुल,” मी म्हणाले.

बाई थांबल्या. वाट बघू लागल्या.

“मानो. पाद्रे.” आणि मी माझ्या नखांच्या कडा चोळून दाखवल्या.

त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि वाचायला लागल्या. पिवळ्यापाशी त्यांच्या भुवया वर गेल्या. गुलाबीपाशी त्यांनी ढोकळ्याकडे संशयाने पाहिलं. करड्यापाशी काहीतरी हळहळून विचारलं. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की त्यांना बहुधा आमची पिठाची गिरणी बंद पडल्याचं वाईट वाटलं होतं. मग काळा आला. त्यांनी तो मोठ्यांदा वाचला आणि अशा हसल्या की हातातली बाटली लवंडली. “पाद्रे?” त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. “पाद्रे.”

आता जयंतीभाईंच्या गाळ्यात मागच्या कोपऱ्यात पोती होती. त्यांच्यावर ताडपत्री टाकलेली होती. रंगकाम करणारा माणूस महिन्यापूर्वी सोडून गेल्यापासून जी जी बटणं बिघडली ती सगळी त्यात होती. पार्टीला ती दिसता कामा नयेत असं भाईंनी सकाळपासून तीनदा बजावलं होतं. बाटली लवंडली, ओघळ गेला, बाई तो चुकवायला मागे सरकल्या आणि त्यांच्या टाचेत ताडपत्री अडकली. ठिपक्यांची, पट्ट्यांची, आजारी गुलाबी आणि आंबलेल्या हिरव्या रंगाची बटणं फरशीवर सांडली.

भाईंचा चेहरा त्या पांढऱ्या चौकोनासारखा झाला.

बाईंनी मूठभर बटणं उचलली. माझ्याकडे बघितलं. “एर्रोर?”

“तोदो,” मी म्हणाले. सगळंच.

त्यांनी कार्डावरच्या काळ्यावर टिचकी मारली. “कासा,” त्या म्हणाल्या. घर.

“काय बोलली? काय बोलली?” भाईंनी माझा दंड धरला.

“म्हणतायत, हा सगळा माल काळा करून द्या. घेतील.”

“काळा? अगं, पण काळा करणार कोण? माणूसच नाय ना!”

“माझे बाबा,” मी म्हणाले. हे वाक्य बोलायला मला ना कोश लागला ना थाप.

जाताना बाई भाईंना त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या की हिचं स्पॅनिश फार लहान आहे, पण फार चांगलं आहे. भाईंनी त्यातलं ‘चांगलं’ तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर अंधेरीला आले. गिरणीतली जुनी खाकी अर्धी चड्डी घालून काहिलीपाशी उभे राहिले, पहिलं बटण चिमट्याने काढलं, आणि फुंकर मारत दारात उजेडाला घेऊन गेले. भाई म्हणाले, “अरे, इथे ट्यूब आहे ना!” बाबा उजेडात बटण उलटसुलट फिरवत राहिले. आठवड्याभरात नखांच्या कडांना काळी रेघ आली. निळ्या लॉटनंतर निळी. गुडघे बोलायला लागेपर्यंत ते त्या गाळ्यात राहिले. सुषमाही राहिली, कारण काम आता दोन मुलींचं झालं होतं.

बाबा गेले तेव्हा मी स्वतः पन्नाशी ओलांडली होती. तेराव्यानंतर मी त्यांची ट्रंक आवरायला बसले, आई शेजारी सूप घेऊन बसली. गिरणीच्या पासाच्या रेक्झिनच्या पाकिटात, पासाच्या मागे, घडी केलेला एक पातळ कागद होता. बारीक छपाई, कडेला तेलाचा डाग, घडीत अजून मिठाचे कण. मी चष्मा लावला. वरून सातवी ओळ. पांढरा. ब्लांको.

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. पंधरा दिवस माझी नोकरी टांगणीला होती, आणि हा माणूस पांढरा खिशात घालून रोज संध्याकाळी पांढरा शोधायला जात होता! मी कागद आईसमोर धरला. “हे बघ. यांच्याकडेच होतं.”

आई तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. “माका म्हायत होता,” ती म्हणाली. “दुसऱ्याच दिवशी गावलेलो त्यांका.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“काय बोलू? शोधूचा सरला असता तर ते परत भितीकडे जावन बसले असते. सांजचे येवन भूक लागली म्हणत होते, तां बरा चलला होता.” तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. “तुझी नोकरी काय, दुसरी गावली असती.”

मी त्या कागदाची घडी घालायला गेले, पण जुन्या वळणाच्या रेघा त्यात तशाच होत्या, आणि तो माझ्या हातात आपोआप पुडीसारखा वळला. आई उठली, फळीवरच्या डब्यातून मूठभर खारे दाणे काढले आणि त्यात ओतले. मग आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून बसलो आणि ते खाल्ले.